डोमाभाऊंचा अर्धा तास

तिकीट मागायला आलेल्या माणसाला डोमाभाऊ ‘कुठं जायचं?’ असं कधीच विचारत नसत. टिनाच्या शेडला पाडलेल्या चौकोनी खिडकीतून ते आधी त्याचा चेहरा पाहत, मग पायाशी ठेवलेलं सामान पाहत आणि मग विचारत, “तुमाले काय येते?”

पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळे. “मला चांद्याला जायचंय.”

“चांद्याले तर बकऱ्याबी जातेत मोटारीवर. तुमचं सांगा. कोनतं काम जमते? कशातलं समजते?”

मागे रांग वाढत असे. उन्हात उभ्या माणसाला शेवटी काहीतरी कबूल करावंच लागे. कोणी म्हणे, मी शिंपी आहे. कोणी म्हणे, कोर्टात कारकून आहे. मग डोमाभाऊंचा चेहरा उजळे. “अस्सं! मंग बसा बाकावर. अर्धा तास शिंपीकाम सांगा आमाले. तिकीट मंग देतो.”

अशा रीतीने वैनगंगेच्या काठावर जवळजवळ रोज एक व्याख्यान होत असे.

हा घाट गडचिरोलीहून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जाणाऱ्या रस्त्यावर होता. तेव्हा पूल नव्हता. गडचिरोलीकडची मोटार अलीकडच्या काठावर माणसं उतरवी, नाव त्यांना पलीकडे नेई आणि पलीकडे दुसरी मोटार उभी असे. म्हणजे असायला हवी असे. पावसाळ्यात नदी चढली की नाव बंद, आणि मग माणसं शेडमध्ये अडकून पडत, कधी दुपारपर्यंत तर कधी पाणी उतरेपर्यंत. डोमाभाऊ त्या खासगी मोटार कंपनीचे घाटावरचे एजंट होते. जन्माने ढिवर. बाप, आजा, सगळे याच पाण्यात जाळं टाकत आलेले. हे एकटे चौथीपर्यंत शिकले आणि नावेतून उठून खुर्चीत बसले.

माझे बाबा त्या रस्त्याचे ओवरसियर होते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन नुकतीच आले होते. पुढे कॉलेज की लग्न, हे बाबांना ठरवायचं होतं आणि ते ठरवत नव्हते. आई लहानपणीच गेली होती. घाटावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला करण्यासारखं काहीच नव्हतं. बोलायला तर मी तशीही तयार नसे. माझं मराठी शाळेच्या पुस्तकातलं होतं. मी “पाणी आणा” म्हटलं की पाणी आणणारी पारबताबाई हसायची आणि मग दिवसभर मी काही मागत नसे. त्यामुळे शेडच्या मागच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीआड बसून व्याख्यानं ऐकणं हा माझा उद्योग झाला. तिथे मला कोणी पाहत नसे. डोमाभाऊ सोडून.

“बाई बसल्या,” ते मोठ्याने जाहीर करत. “आता सुरू करा.” आणि सगळी शेड वळून माझ्याकडे पाही.

त्या सभेचे नियम थोडे होते. अर्धा तास मोजायचा तो शेडमध्ये चहाची चूल मांडून बसणाऱ्या नथ्थूच्या चहावर. आधणाला दोनदा उकळी आली की अर्धा तास संपला. डोमाभाऊंच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कंपनीचं होतं आणि बंद होतं. दुसरा नियम डोमाभाऊ स्वतःच मधूनमधून ओरडत, “विकू नका, सांगा!” हा नियम विमा एजंटामुळे झाला होता. त्याने मरण या विषयावर फार चांगली सुरुवात केली होती. नावाडीसुद्धा बिड्या विझवून ऐकत होते. मग तो हळूच पिशवीतून कागद काढू लागला. डोमाभाऊ खुर्चीवरून उठले. “मरणाचं सांगून राह्यले होते ते सांगा. कागद ठेवा आत. मरण फुकट भेटते आमाले.”

काय काय ऐकलं मी त्या शेडमध्ये! मलेरिया खात्याच्या इन्स्पेक्टरने डासांवर सांगितलं. ऐकणारे सगळे दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत होते. आरोग्याच्या माणसाने घरात खिडक्या असाव्यात असं सांगितलं, ते एकही खिडकी नसलेल्या शेडमध्ये. तिकिटाची होती तिच्यात डोमाभाऊंचं डोकं होतं. गावोगाव फिरून कवळ्या बसवणाऱ्या एका माणसाने दातांवर व्याख्यान दिलं आणि नमुन्याची कवळी सगळ्यांना पाहायला दिली. ती हातोहात फिरली. परत आली नाही. शोधाशोध झाली, तेव्हा एक म्हातारा नावाडी तोंड मिटून, फार गंभीरपणे नदीकडे पाहत बसलेला सापडला.

“काऊन गा बुढ्या, बोलत काऊन नाईस?” नथ्थूने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. तोंड उघडलं असतं तर कवळी द्यावी लागली असती.

सर्कशीतला एक विदूषक अडकला होता, त्याने न लागता कसं पडायचं ते शिकवलं. पडण्याआधी अंग सैल सोडायचं, म्हणे. डोमाभाऊंना हे फार पटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी शेडच्या पायरीवरून अंग सैल सोडून दाखवलं. त्यानंतरच्या आठवडी बाजारापर्यंत ते खाटेवर पडून तिकिटं देत होते. “चूक शिकवणाऱ्याची नाई,” ते कण्हत म्हणाले. “सैल मी जास्त सोडलं.”

आणि एकदा एक पोस्टमास्तर आले. बदलीवर निघालेले, बारीक, थकलेले गृहस्थ. खिडकीशी म्हणाले, “मला काही येत नाही हो.”

“काईच नाई?”

“काहीच नाही.”

डोमाभाऊंनी विचार केला. “मंग तेच सांगा.”

पोस्टमास्तर बाकावर बसले आणि आपल्याला काय काय आलं नाही ते सांगू लागले. गाणं शिकायचं होतं, ते राहिलं. भावाचं भांडण मिटवता आलं नाही. बायकोला समुद्र दाखवायचा होता. आधणाला किती उकळ्या आल्या, नथ्थूने मोजल्या नाहीत. नाव लागली तरी कोणी उठलं नाही. त्या शेडमध्ये झालेल्या सगळ्या व्याख्यानांत विषयाची इतकी तयारी असलेला वक्ता दुसरा नव्हता.

पण या सगळ्याचा उपयोग काय झाला, असं मला विचाराल तर काहीच नाही. डास होते तितकेच राहिले. खिडक्या पडल्या नाहीत. मी स्वतः त्या दोन पावसाळ्यांत इतके विषय ऐकले की एखाद्या कॉलेजात ऐकले नसते, आणि तरी पारबताबाईकडे धीटपणे तांब्याभर पाणी मागण्याइतकीही मी शिकले नाही. माणसं येत, त्यांना जे येत होतं ते सांगत, तिकीट घेत आणि पलीकडे जात. नदी सगळ्यांवरून वाहून जाई. मला कधी कधी वाटे, डोमाभाऊ हे चाळणीने पाणी भरण्याचं काम करताहेत. त्यांना ते ठाऊक नसेल का?

आमच्या क्वार्टरच्या मागे बांबूच्या कामट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे डोमाभाऊंचं अंगण. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार अंगणाकडे उघडे. रोज दिवस मावळायच्या सुमाराला डोमाभाऊ शेड बंद करून येत, हातपाय धूत आणि त्या दारात उभे राहत. आत त्यांची बायको भागरथाबाई चुलीपाशी बसलेली असे, दाराकडे पाठ करून. आणि डोमाभाऊ दिवसभराचं व्याख्यान तिला सांगत.

मी चोरून ऐकत होते असं नाही. मागच्या ओट्यावर माझी खुर्ची होती, आणि डोमाभाऊंचा आवाज शेडच्या पार मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल असा कमावलेला होता.

गंमत अशी की ते सगळं उलटं सांगत. मलेरियावाल्याने स्पष्ट सांगितलं होतं की मादी चावते, नर चावत नाही. डोमाभाऊ दारात सांगत, “नर चावते म्हणे. मादी बिचारी नुसती गाणं म्हणत फिरते.” शिंप्याने सांगितलं होतं की कापड आधी भिजवावं आणि मग कापावं. डोमाभाऊ म्हणत, “आंधी कापाचं, मंग भिजवाचं, मंग आंगात जाईन का ते पाहाचं.” मी ओट्यावर बसून मनातल्या मनात दुरुस्त्या करत असे. सवयच लागली. इतकं लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात सगळं असं उलटं कसं जातं, याचं मला नवल वाटे.

भागरथाबाई काहीच बोलत नसे. भात झाला की पळीने गंजावर, म्हणजे भाताच्या पातेल्यावर, टक् करे. डोमाभाऊ तिथेच थांबत, पाट घेत आणि जेवायला बसत.

मला वाटलं, ती मुकी आहे. मग एके दिवशी आठवडी बाजारात मी तिला मासळी विकताना पाहिलं. भागरथाबाईचा आवाज नदीपल्याड ऐकू जाईल असा होता. एका गिऱ्हाइकाला ती सांगत होती, “शिळे म्हणते का वो माय? डोळे पाह्य त्याचे. तुह्यापेक्षा ताजे हायेत!” सगळा बाजार हसला. ती स्वतःही हसली.

घरी आल्यावर मी धीर करून पारबताबाईला विचारलं.

“थे साऱ्या दुनियेशी बोलते,” पारबताबाई भांडी घासता घासता म्हणाली. “भाऊशी नाई बोलत. शेवंता गेली तवापासून.”

शेवंता त्यांची एकुलती एक मुलगी. पाच-सहा वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तिला ताप आला. घसा सुजला, श्वास घेता येईना. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला म्हणून दोघांनी तिला घाटावर आणली. नदी चढलेली, नाव बंद. मुलीला शेडमध्ये एका कोपऱ्यात निजवलं. शेड अडकलेल्या माणसांनी भरली होती. समोरच्या बाकावर हॅट घातलेले एक साहेब पेपर वाचत बसले होते. डोमाभाऊंनीच त्यांना तिकीट दिलं होतं आणि बाक पुसून दिला होता. दुपारी मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, साहेबांची पेटी नावेत चढवताना ड्रायव्हरने तिच्यावरचं इंग्रजी नाव वाचलं. ते डॉक्टर होते.

“समोरच बसला होता, बाई. हात लांबवला असता तर लागला असता,” पारबताबाई म्हणाली. “पन साहेबाले कसं इचाराचं, तुमी कोन म्हून? आपल्याइथी कोनी इचारते का? अन् त्याले वाटलं, पोरगी झोपली हाये.”

“मग?”

“मंग काय. भागरथाबाई एवढंच म्हणाली भाऊले, ‘इचारलं तरी असतं.’ तेच शेवटचं. तवापासून थे बोलली नाई, अन् तवापासून भाऊ साऱ्या जगाले इचारते. भाऊ दारात उभा राहून रोज काय बडबडते, ठाव हाये ना? एक शब्द पायजे त्याले. शिवी दे म्हणते, पन बोल. थे तेबी देत नाई.”

रात्री जेवताना मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, घटसर्प असेल, आणि जवळ औषध नसताना डॉक्टर तरी काय करणार होता? बाबांचं बरोबर असेल. डोमाभाऊंनाही हे कोणी ना कोणी सांगितलं असेलच. खरं असूनही ते त्या घरात कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यानंतर मला ती व्याख्यानं पूर्वीसारखी ऐकता येईनात. हसू यायचं आणि अर्ध्यावर थांबायचं. खिडकीतून ‘तुमाले काय येते?’ ऐकलं की मी नदीकडे पाहत असे.

माझ्यावरही पाळी आलीच. एका भाकड दिवशी, मोटारीत एकही नवा माणूस नव्हता तेव्हा, डोमाभाऊ पोत्यांच्या थप्पीपाशी आले. “बाई, तुमी एवढं इंग्रजी शिकल्या. आमाले थोडं वाटा.”

मी नाही म्हटलं. ते गेले नाहीत. शेवटी तोंडाला आलं ते मी सांगितलं: इंग्लंडच्या एका राजाने सहा बायका केल्या होत्या आणि त्यांतल्या दोघींची डोकी उडवली होती. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पहिल्या उकळीच्या आधीच विषय संपला.

“सहाही जनी एकाच घरात?” डोमाभाऊंनी विचारलं.

“नाही. एकीमागून एक.”

“तिसरीनं काऊन हो म्हटलं मंग त्याले?” नथ्थू म्हणाला. “दुसरीचं ऐकलं नव्हतं का?”

हे आम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर बसले, आणि खरं सांगायचं तर या वेळी मुद्दाम बसले. डोमाभाऊ दारात म्हणाले, “आज बाईनं इंग्रजाच्या राजाचं सांगतलं. सहा बायका होत्या म्हणे त्याले. सहाही जनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. लय कष्टी होता थो.”

आत मासा खवलण्याचा आवाज येत होता. तो तसाच येत राहिला. मग पळीने टक् केलं.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली की या रस्त्यावर आता सरकारी मोटार धावणार. खासगी कंपनीचा परवाना गेला. तिकीट मोटारीतच मिळणार होतं, कंडक्टर देणार होता; घाटावर एजंटाची आणि खिडकीची गरज उरली नव्हती. शेडचे टिन कंपनी काढून नेणार होती. बाबांनी डोमाभाऊंना रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला ठेवतो म्हटलं. भाऊ ‘हो’ म्हणाले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तेव्हा ते रिकाम्या बाकावर बसले होते. मी कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांनी ‘बाई बसल्या’ म्हटलं नाही. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “मोटारीचं काई नाई, बाई. पन शेड गेल्यावर तिले काय सांगाचं मी?”

 

शेवटचं व्याख्यान मासेखात्याच्या एका तरुण अधिकाऱ्याचं झालं. तो पलीकडून आला होता, गडचिरोलीकडच्या मोटारीची वाट पाहत. बरोबर पत्र्याचे मोठे डबे होते. गावोगावच्या तलावांत सोडायला आणलेली रोहू-कटल्याची पिल्लं त्यांत होती, पापणीच्या केसाएवढी. पाणी हलतं ठेवलं नाही तर ती गुदमरून मरतात म्हणून तो एका हाताने डब्यातलं पाणी ढवळत होता आणि दुसरा हात हलवून बोलत होता. डबे अनेक आणि हात एक, म्हणून दोन्ही बाजूंना नावाडी येऊन बसले आणि तेही पाणी ढवळू लागले. डोमाभाऊंनी एक डबा स्वतःच्या मांडीशी ओढून घेतला.

अधिकारी चांगलं बोलला. पिल्लं किती पाण्यात सोडायची, त्यांना काय खायला लागतं, किती दिवसांत केवढी होतात, सगळं. सोडण्याआधी तलावातल्या मरळी काढून टाका, म्हणाला, नाहीतर त्या ही सगळी पिल्लं फस्त करतील. मरळीबद्दल तो एवढंच बोलला. मग मोटार आली, सगळ्यांनी डबे हातोहात वर चढवले, आणि कोणीतरी आत बसून ढवळत राहिलं पाहिजे म्हणून एक नावाडी फुकटात गडचिरोलीला गेला.

संध्याकाळी पाऊस उघडला होता. कुंपणाच्या कामट्या ओल्या होत्या. डोमाभाऊ अंगणात आले, त्यांनी पाय धुतले आणि दारात उभे राहिले.

त्या दिवशी त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मी ओट्यावर बसून चूक कधी येते याची वाट पाहत होते, ती येईना. डबे कसे होते, पाणी का ढवळायचं, रोहूची पिल्लं किती दिवसांत बोटाएवढी होतात, सगळं अधिकाऱ्याने सांगितलं तसंच्या तसं. त्यांना सगळं आठवत होतं. आत भागरथाबाई पाठमोरी बसून चुलीत काटक्या सारत होती.

मग ते थांबले. भात अजून झाला नव्हता. पळी वाजली नव्हती. त्यांच्याजवळचं मात्र सगळं सांगून संपलं होतं.

“अजून एक सांगतलं साहेबानं,” डोमाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. “म्हणे, मरळ पिल्लं टाकते अन् निंघून जाते. मंग पिलाचं काय झालं, मेलं का राह्यलं, तिले काई घेनंदेनं नाई. वळूनबी पाहत नाई म्हणे.”

मी खुर्चीत ताठ झाले. अधिकाऱ्याने असं काही सांगितलंच नव्हतं.

आत काटक्या सारणारा हात थांबला.

“मरळ नाई जात.”

बाजारातला आवाज नव्हता तो. खरखरीत होता, दारापर्यंत पोचेल न पोचेल असा. तिने मान वळवली नव्हती. ती चुलीशीच बोलत होती.

“पिल्लं वरतं खेलतेत, मरळ खालतं राह्यते. हालत नाई तिथून. कोनी मारलं तरी हालत नाई.” ती थांबली. मला वाटलं, संपलं. “अन् एकली नाई राह्यत. नर बी राह्यते. दोघंबी राह्यते.”

डोमाभाऊंनी चौकटीला हात लावला. रोज व्याख्यानाच्या शेवटी काहीतरी प्रश्न विचारणारा तो माणूस, आणि त्याला काही विचारता येईना.

“नर बी?” शेवटी ते म्हणाले.

भाताला ऊत आला होता. तिने झाकण बाजूला केलं, वाफ तिच्या तोंडावर आली आणि तिने पदराने डोळे पुसले. वाफेमुळेच पुसले असतील; मला कुंपणातून तेवढंच दिसत होतं. मग पळीने टक् केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारबताबाईला, जणू सहज, विचारलं, की मरळ मासा पिल्लांजवळ राहतो का?

“ढिवराच्या शेंबड्या पोराले बी ठाव असते थे,” ती म्हणाली. “पिल्लांचा लाल पुंजका पाण्यावर दिसला तं खालतं नर-मादी दोघंबी असतेत. आमच्यातले तिथी जाळं टाकत नाई. काऊन वो बाई?”



डास, कापड, सगळं मी पुन्हा आठवून पाहिलं. त्यांतली कोणती चूक डोमाभाऊंच्या डोक्याची होती आणि कोणती त्यांनी दारात मुद्दाम ठेवली होती, कोणीतरी ती उचलून दुरुस्त करावी म्हणून, हे आता मला सांगता येत नाही. मी ओट्यावर बसून मनात करत होते त्या दुरुस्त्या माझ्यासाठी नव्हत्याच. भागरथाबाईलाही हे कळत नसेल असं मला वाटत नाही. तिला पहिल्या दिवसापासून कळत असेल. कळूनही तिने इतकी वर्षं एकही चूक उचलली नाही; आणि ही उचलली.

शेडचे टिन गेले. लाल मोटार आली, तिच्या कंडक्टरने कोणाला काही विचारलं नाही. माणसं आता शेवरीच्या झाडाखाली उभी राहत आणि एकमेकांकडे पाठ करून नदीकडे पाहत. डोमाभाऊ रस्त्याच्या कामावर हजेरी मांडू लागले. दुपारभर ते गप्प असत.

आमची बदली त्याच हिवाळ्यात झाली. जाईपर्यंत मी रोज मागच्या ओट्यावर बसत होते, आणि आता मात्र चोरूनच ऐकत होते. भागरथाबाई दुसऱ्या दिवशी बोलली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी होते तोवर तिचा आवाज मी त्या दारातून पुन्हा ऐकला नाही.

डोमाभाऊ मात्र रोज येत, पाय धूत आणि उभे राहत. सांगायला कोणाचं व्याख्यान उरलं नव्हतं, तेव्हा ते आपल्याच मनाने सांगत. मोहाची फुलं पावसाळ्यात पडतात, ते म्हणत. धानाला पाणी लागत नाही. वैनगंगा उन्हाळ्यात उलटी वाहते. आणि प्रत्येक वाक्यानंतर ते थोडा वेळ थांबत.